सातगाव पठारावर फ्रेंच फ्राइजचा कारखाना: टाकावा की नको?

पठारावरचा

नमस्कार मंडळी. मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा शेतकरी. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव या पट्ट्यात खरिपाचा बटाटा हेच आमचं मुख्य पीक. जून जवळ आला की मंचरच्या बाजारात पंजाबातलं, जालंधरकडचं बेणं उतरायला लागतं. मृगाचा पाऊस झाला की लागवड आणि भाद्रपदापासून काढणी. आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, मीही तेच करतोय. बेणं महाग, करप्याची फवारणी पाऊस उघडेल तेव्हा करायची, आणि पीक जोमदार आलं की नेमका भाव पडतो. आरण लावून, म्हणजे शेतातच बटाट्याचा ढीग झाकून, थांबावं तर ओलीनं सड लागते. थांबला तो मेला, असं आमच्याकडे बटाट्याच्या बाबतीत म्हातारे म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गटातले शेतकरी उत्तर गुजरातेत जाऊन आलो. हिंमतनगर, विजापूर, मेहसाणा, तिथून डीसा. बघून डोळे फिरले. मैलोन्‌मैल ठिबकवर बटाटा, शेताच्या बांधावरच प्रतवारी, ट्रक थेट कारखान्याच्या काट्यावर. ज्याच्या शेतावर आम्ही उतरलो त्याला लागवडीआधीच भाव माहीत होता. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. आम्हाला काढणी झाल्यावर, आडतीवर गोणी उतरल्यावर भाव कळतो.

आता गटात चर्चा अशी आहे की आपणच लहानसा फ्रेंच फ्राइजचा कारखाना टाकावा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुणे-चाकण-पिंपरी इतकं जवळ आहे, गिऱ्हाईक कमी पडणार नाही असं वाटतं. यंत्रं विकणारा माणूस दोनदा येऊन गेला. त्याचं म्हणणं, साल काढायचं, कापायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, अर्धवट तळायचं, गोठवायचं, एवढंच आहे, बटाटा कुठलाही चालतो.

म्हणून घरी करून बघितलं. कुफरी ज्योती या नेहमीच्या वाणाचे उभे काप केले, बायकोनं तळले. कडा तांबूस-काळ्या झाल्या, मधे मऊच राहिले, आणि ताटात येईपर्यंत सगळे लोळले.

तर प्रश्न असे: हा बटाट्याचा दोष, तळण्याचा की आमच्या हवामानाचा? गुजरातनं हे कसं जमवलं? आणि आमच्यासारख्यांनी यात पडावं का? ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. गटात दोन जणांनी जमीन तारण ठेवायची तयारी दाखवली आहे, म्हणून काळजीनं विचारतोय.

चौपाटी_निगडी

दादा, मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. माझं छोटं स्नॅक्स सेंटर आहे. गोठवलेल्या फ्राइजची अडीच किलोची पाकिटं घेतो. मोठ्या कंपनीचाच माल घेतो कारण जानेवारीत जशी निघते तशीच ऑगस्टमध्ये निघते. लांबी तीच, रंग तोच, तेल पिण्याचं प्रमाण तेच. एका स्थानिक माणसाकडून काही दिवस घेऊन बघितलं, स्वस्त होतं. पहिली खेप बरी होती, पुढची तळल्यावर मऊ पडली. गिऱ्हाईक परत पाठवतं तेव्हा ते पाकीट कितीला घेतलं होतं हे आठवत बसायला वेळ नसतो. शिवाय त्याची गाडी साधी टेंपो होती, माल येईपर्यंत अर्धा सुटलेला. परत गोठवला की बर्फाचे कण धरतो आणि तेलात उडतो. पोरांचे हात भाजतात.

बनासकाठ

पठारावरचा, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहू का नको करत होतो. आता सविस्तरच लिहितो. मी मूळचा संगमनेरचा, कृषी पदवीधर. नोकरीची बहुतेक वर्षं उत्तर गुजरातेत फ्राइज करणाऱ्या कारखान्यांच्या शेती विभागात काढली. शेतकऱ्यांशी करार करणं, बेणं पोचवणं, पिकाची पाहणी आणि शेवटी काट्यावर माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणं, हे माझं काम होतं.

आधी तुमच्या कढईतलं. दोष तळण्याचा नाही. तळलेला बटाटा काळपट होतो तो साखरेमुळे. बटाट्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोज या साखरा गरम तेलात अमिनो आम्लांशी मिसळल्या की तांबूस रंग आणि कडवट चव येते. चिप्ससाठी आम्ही १०० ग्रॅम बटाट्यात १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असावी असं धरायचो, १५० च्या वर गेली की माल परत. आणि मऊ पडतात ते पाण्यामुळे. बटाट्यातलं पाणी काढलं की जो कोरडा भाग उरतो तो किमान २० टक्के हवा. ज्योतीत तो साधारण १७-१८ च्या आसपास भरतो, पावसाळी हवेत त्याहूनही कमी. रस्सा भाजीला ज्योती उत्तम आहे. फ्राइजसाठी तो वाण केलेलाच नाही. "बटाटा कुठलाही चालतो" म्हणणाऱ्या माणसाला यंत्र विकायचं आहे, इतकंच.

आता गुजरातचं. लोकांना वाटतं कंपन्या आल्या आणि शेती बदलली. मी जे पाहिलं त्यात क्रम वेगळा होता. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ मध्ये आलं, तेव्हा फ्राइज बाहेरून यायच्या. फ्राइज करणारी मॅकेन कंपनी १९९८ मध्ये आली, पण मेहसाण्याचा कारखाना उभा राहायला २००७ च्या आसपासचा काळ उजाडला. मधली वर्षं गेली बटाटा शोधण्यात. कुठला वाण कुठल्या मातीत लांब येतो, कुठला साठवणीत गोड होत नाही, शेतकरी किती पाणी देतो, कधी काढतो, या सगळ्यात. तरीही पुढं काही वर्षं आयात चालूच होती. २०१०-११ मध्ये देशानं ७,८०० टनांहून जास्त फ्राइज बाहेरून आणल्या. आणि २०२३-२४ मध्ये त्याच देशातून सुमारे १ लाख ३५ हजार टन बाहेर गेल्या, किंमत १,४०० कोटींच्या वर. फिलिपिन्स, थायलंड, मलेशिया, सौदी, अमिरात, जपानसुद्धा. त्यात सिंहाचा वाटा उत्तर गुजरातचा. हे ज्यांनी सुरुवातीचे नापास ट्रक बघितलेत त्यांनाच कळेल किती मोठं आहे ते. मला त्याचा आजही अभिमान वाटतो, आणि तो शेतकऱ्यांसाठी आधी वाटतो.

का जमलं, तर एक म्हणजे हवा. नोव्हेंबरात लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दिवसा लख्ख ऊन, रात्री थंडी, आणि पाऊस जवळजवळ नाही. पानं दिवसभर काम करतात, रात्री कंद भरतो. दुसरं, वाळूसर जमीन. कंद सुबक, लांब, धुवायला सोपा. डीसाला तर बनास नदीच्या पात्रातच बटाटा घेण्याची जुनी रीत होती, म्हणजे शेतकऱ्याला पीक नवं नव्हतं आणि त्या पिकाच्या जोरावर शीतगृहंही आधीपासून होती. तिसरं पाणी. २००५ मध्ये गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनी स्थापन झाली आणि ठिबक-तुषारचं अनुदान रांगेत न थांबता शेतकऱ्यापर्यंत पोचायला लागलं. तुषारवर बटाटा सारखा भिजतो, म्हणून कंदाला गाठी कमी, पोकळ कमी. चौथं तुम्ही स्वतः पाहिलंत. लागवडीआधी भाव.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शीतगृहाची गोष्ट, आणि तीच यंत्रवाला तुम्हाला सांगणार नाही. खाण्याचा आणि बेण्याचा बटाटा २ ते ४ अंशांना ठेवतात. त्या थंडीत बटाटा आपल्या पिठाची साखर करतो. म्हणून शीतगृहातला जुना बटाटा भाजीत गोडसर लागतो. तो तळायला नालायक. प्रक्रियेचा बटाटा १०-१२ अंशांना ठेवावा लागतो, पण त्या तापमानाला त्याला कोंब येतात, म्हणून कोंब दाबणाऱ्या औषधाची धुरी द्यावी लागते, हवा खेळती ठेवावी लागते. जुन्या शीतगृहाच्या मालकांना हे पटवताना आमच्या नाकी नऊ आले. तापमान वाढवा म्हटलं की त्यांना माल सडणार असंच वाटे. ज्यांनी ऐकलं त्यांच्या खोल्या आज वर्षभर आधी भरलेल्या असतात.

आता तुमच्यासाठी स्पष्ट मत: फ्राइजच्या कारखान्यात पडू नका. त्याला लांब कंद लागतो, सांताना, इनोव्हेटर, केनेबेक असले वाण, किंवा आपल्या सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेचा २००९ चा कुफरी फ्रायसोना. तो तुमच्या पावसाळ्यात लांब आणि कोरडा येईल याची खात्री कुणी देणार नाही. वर्षभर बटाटा पुरवायला १०-१२ अंशांचं शीतगृह लागतं, माल उणे १८ अंशांखाली ठेवणारी खोली आणि गाडी लागते. मोठे कारखाने तुटक्या-आखूड तुकड्यांचा चुरा वाळवून फ्लेक्स करतात, टिक्की करतात, त्यातून खर्च भरून काढतात. लहान कारखान्यात तो माल ढिगारा होऊन पडतो. १० लाखांच्या अनुदानाचा आणि या खर्चाचा मेळ बसत नाही.

वेफर्सचं मात्र वेगळं आहे, आणि इथं तुमच्या पठाराकडे असं काही आहे जे डीसाकडे नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात उत्तरेतला सगळा बटाटा पाच-सहा महिने शीतगृहात पडलेला असतो. ताजा बटाटा त्या वेळी देशात कुठं निघतो? मोजक्याच ठिकाणी, जसं कर्नाटकात हासनकडे आणि तुमच्याकडे. वेफर्सच्या मोठ्या कंपन्या गुजरात सोडून तुमच्या डोंगरावर करार करायला येतात त्या याचसाठी. त्या दिवसांत तुमचा ताजा बटाटा साठवणुकीशिवाय थेट कढईत जाऊ शकतो. वाण मात्र बदलायला हवा. कुफरी चिप्सोना-१ हा १९९८ चा वाण करप्याला बऱ्यापैकी तोंड देतो. लेडी रोझेटा लाल सालीचा, गोल, वेफर्सला सुरेख, पण करप्याला नाजूक. पठारावर पहिल्यांदा थोड्याच क्षेत्रावर घ्या.

आणि काढणीची घाई सोडा. भाव दिसला की ऐंशी दिवसांत उपटायची सवय खाण्याच्या बटाट्याला चालते. कच्च्या कंदात साखर जास्त असते. पीक पुरतं पिकू द्या, काढणीच्या दहा-बारा दिवस आधी पाला कापून टाका, साल पक्की होऊ द्या.

सुनंदाताई_चिंचवड

बनासकाठ यांनी जे साखरेचं लिहिलंय ते आम्ही बायका हातानं शिकलोय. माझा वेफर्स आणि बटाट्याच्या किसाचा घरगुती उद्योग आहे. आषाढी, श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्र हे आमचे हंगाम. उपवासाचा माल म्हणून शेंगदाण्याच्या तेलात वेगळं तळण. आमच्या वाळवणाच्या वेफर्सचा बटाटा आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच घेतो, नवा, तळेगावचा असो की मंचरचा रब्बीचा. वर्षभराची चकती तेव्हाच करून, तुरटीच्या पाण्यातून काढून, उकळून कडक उन्हात वाळवून ठेवतो. जूननंतरचा शीतगृहातला बटाटा आणून ताजे वेफर्स करायला गेलं की लालच होतात, कितीही पाण्यात ठेवा.

भाऊ, हिशोबाचं सांगते. चार किलो बटाट्याचे साधारण एक किलो वेफर्स होतात. बटाटा पाणीदार असेल तर पाच किलो लागतो, वर तेलही जास्त पितो. म्हणजे स्वस्त पाणीदार बटाटा शेवटी महागच पडतो. बाजारात मी गोणी फोडून एक बटाटा कापते, दोन्ही फोडी एकमेकींवर घासते. पांढरा दाट फेस आला तर घेते, पाणी सुटलं तर पुढच्या गाळ्यावर.

एक विनंती. कारखाना मोठा करण्याच्या नादात पुण्या-पिंपरीतल्या आमच्यासारख्या शेकडो जणींना विसरू नका. आम्हाला सप्टेंबर-ऑक्टोबरात, नवरात्राच्या तोंडावर, खात्रीचा तळणाचा बटाटा मिळत नाही. तुम्ही चिप्सोना आणि प्रतवारी केलेला माल दिलात तर आडतीपेक्षा जास्त भावानं आम्ही दारात पैसे मोजू. बुधाणींचे वेफर्स पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. राजकोटचं बालाजी ॲस्ट्रॉन सिनेमाच्या कँटीनमधून वर आलं. दोघांनीही आधी कढई सांभाळली.

कलम_एकोणचाळीस

वरच्या चर्चेत कराराचा विषय आलाय म्हणून लिहितो. मी वकिली करतो आणि शेतकऱ्यांचे करार वाचून देतो. करार करणार असाल तर २०१९ चं प्रकरण नीट माहीत असू द्या. पेप्सिकोनं एफसी-५ या आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची लागवड केली म्हणून साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले, प्रत्येकी १ कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढं डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणानं त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये एक सदस्यीय पीठानं तिचं अपील फेटाळलं, पण जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठानं नोंदणी रद्द करण्याचा निर्णय बाजूला ठेवला.

नोंदणी कुणाचीही असो, वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याच्या कलम ३९ नं शेतकऱ्याला दिलेला हक्क शाबूत आहे: आपल्या शेतातलं बियाणं राखणं, पेरणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल करणं, विकणं. फक्त कंपनीच्या नावाचं लेबल लावून विकता येत नाही. हा हक्क करारातल्या बारीक अक्षरांत कुणी काढून घेतोय का ते पाहा.

आणि तीन गोष्टी मराठीत लिहून घ्या. माल नाकारायची कसोटी कोणती आणि ती कुठं होणार. नाकारला तर गाडीभाडं कुणाचं. आणि बेण्याचे पैसे आगाऊ कापले असतील तर करप्यानं पीक गेल्यावर काय. चौथं म्हणजे तारण. गटातल्या दोघांनी जमीन लिहून द्यायच्या आधी थांबा, कृपया थांबा.

पठारावरचा

सगळ्यांचे आभार, मनापासून. काल गटाची बैठक झाली, ही चर्चा वाचूनच दाखवली. फ्राइजचा विषय मागे पडला. जमीन तारणाचं थांबवलंय, घरच्या बायका तर सुटल्यासारख्या बोलल्या. वेफर्सच्या बटाट्यावर बऱ्याच जणांचं मन बसलंय.

नाकारण्याच्या कसोटीवर मात्र बैठकीत आवाज चढले. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या तिघांनी एका कंपनीला करारानं माल दिला होता. बाजारात भाव चढला होता तेव्हा सगळा माल पास झाला, भाव पडल्यावर त्याच शेतातली दुसरी खेप "साखर जास्त" म्हणून परत आली. कागद कुणी दाखवला नाही. लोक म्हणतात, आपल्याला काय कळणार साखर आहे का नाही.

बनासकाठ, शेतकऱ्याला स्वतः तपासता येईल असं काही आहे का? आणि गट म्हणून प्रक्रियेत उतरायचं तर कुणाकडे बघावं?

बनासकाठ

आहे, आणि हे प्रत्येक करार-शेतकऱ्याला यायलाच हवं. काट्यावर बसलेल्या माणसापुढं शेतकरी गप्प उभा राहतो, हे मी फार बघितलंय आणि ते मला कधीच बरं वाटलं नाही. भाव पडला की कसोटी कडक होते, ही तुमच्या लोकांची शंका काही ठिकाणी खरी असते. उत्तर देता येतं ते आकडा हातात असला तरच.

कोरड्या भागासाठी: ८ लिटर पाण्यात १ किलो मीठ पूर्ण विरघळवा. मोठ्या घमेल्यात धुतलेले, कोरडे केलेले बटाटे सोडा. बुडाले तर प्रक्रियेला योग्य, तरंगले तर पाणीदार. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीस-पंचवीस कंद घ्या, बांधावरचेच घेऊ नका.

साखरेसाठी: औषधाच्या दुकानात लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात. बटाटा उभा चिरून त्याच्या ओल्या गरावर पट्टी दाबा, डबीवर लिहिलेल्या वेळेनं रंग बघा. ती फक्त ग्लुकोज दाखवते, प्रयोगशाळेसारखी अचूक नाही. पण गडद रंग आला तर तो माल काढायची घाई करू नका, आठवडाभरानं पुन्हा तपासा.

आणि खरी कसोटी तळणाचीच. पातळ चकत्या, १८० अंशांचं तेल, बुडबुडे थांबेपर्यंत. दहा कंदांच्या चकत्या तळून पांढऱ्या कागदावर मांडा, मोबाइलवर फोटो काढा, तारीख दिसू द्या. गाडी भरण्याच्या दिवशी कंपनीच्या माणसासमोर हे करा आणि त्याची सही घ्या. करारात लिहून घ्या की चाचणी शेतावरच होईल. वकील साहेबांनी सांगितलेल्या तीन मुद्द्यांत पहिला हाच आहे.

कुणाकडे बघावं विचारलंत. बनास डेअरीकडे बघा. बनासकांठ्यातल्या दूध उत्पादकांची सहकारी संस्था, अमूलच्या कुटुंबातली. तिनं दियोदरला डेअरीबरोबर बटाटा प्रक्रियेचा कारखाना उभारला, एप्रिल २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. फ्राइज, चिप्स, टिक्की सगळं होतं. पण तिथल्या शेतकऱ्याला फॅट बघून दुधाचे पैसे घेण्याची सवय चाळीस-पन्नास वर्षांची होती. गुण तपासून भाव ठरतो हे त्याला नवं नव्हतं. शीतखोल्या, गाड्या, विक्रीची साखळी दुधामुळे तयार होती. बटाटा त्यावर आला.

तुमच्याकडे दूधसंघ आहेत, विकास सोसायट्या आहेत, सहकार तुम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून पहिल्या वर्षी यंत्र घेऊ नका. गटानं मिळून चिप्सोनाचं बेणं ठरवा, थोड्या एकरांवर घ्या, मिठाचं पाणी आणि कढई घेऊन प्रत्येकाचा माल तपासा, आणि जो पास होईल तो सुनंदाताईंसारख्यांना प्रतवारी करून, भाव आधी बोलून द्या. उरलेला नेहमीसारखा मंचरला. दोन हंगाम पास होण्याचं प्रमाण टिकलं तर वेफर्सची लहान भट्टी घ्या, तेव्हा योजना चालू असेल तर त्या ३५ टक्क्यांच्या अनुदानाचा अर्ज करा.

बेण्याचं दिवाळीनंतर लगेच बोला. पंजाबात लागवड ऑक्टोबरात होते आणि जानेवारीत पाला कापतात, रोग पसरवणारी मावा कीड वाढायच्या आत, म्हणून ते बेणं रोगमुक्त निघतं. चिप्सोनाचं चांगलं बेणं आधी मागणी नोंदवणाऱ्यालाच मिळतं. मे महिन्यात बाजारात शोधायला गेलात तर पिशवीवर चिप्सोना आणि आत काय ते देव जाणे. बेणं आल्यावर प्रत्येक गाडीतल्या दोन पिशव्या उघडून, कंद कापून, आतला रंग आणि सड बघूनच उतरवून घ्या. माझा ओळखीचा एक बेणे उत्पादक आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा, बोलणं करून देतो.

सुनंदाताई_चिंचवड

नवरात्राच्या आधीच्या पंधरवड्यासाठी आमच्या बचत गटाची मागणी आत्ताच सांगून ठेवते. मध्यम आकार, हिरवा नको, साल सुटलेली नको. किती गोण्या ते बायकांना विचारून इथंच लिहिते. पहिल्या तपासणीच्या दिवशी मला बोलवा भाऊ, कढई आणि तेल मी घेऊन येईन.